दीड हजार डॉलरचे शिकारीचे कपडे आणि ताम्हिणीचा पाऊस

आधीच सांगून टाकते, मी शिकार करत नाही, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे करताही येत नाही, आणि त्या कायद्यात नुसतं मारणं नाही तर फासे लावणं, आमिष ठेवणं, जनावर हाकणं हे पण शिकारीतच धरलंय. मग पुण्यात बसून शिकारीच्या कपड्यांचा रिव्ह्यू कशाला, तर त्याला कारण आमचा दादा. तो डेन्व्हरला असतो आणि दर वर्षी कोलोरॅडोच्या डोंगरात एल्क मारायला जातो (एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा), रीतसर लायसन्स, टॅग (एका जनावरापुरती परवानगीची चिठ्ठी) सगळं काढून. त्याच्या मटणाबद्दल आमच्या आईचं काय मत आहे ते इथे नको.

तर दोन वर्षांपूर्वी दादा आला तेव्हा बॅगेत त्याचा जुना सेट घेऊन आला. इन्सुलेटेड जॅकेट, फ्लीस हुडी (मऊ लवदार कापडाची, टोपीवाली), पॅन्ट, पावसाची शेल, म्हणजे सगळ्याच्या वरून घालायचं पातळ रेन जॅकेट, आणि दोन मेरिनो वुलचे, म्हणजे मऊ लोकरीचे बनियन. जुना म्हणजे तीन सीझन वापरलेला, नवा घेतला तेव्हा सगळं मिळून दीड हजार डॉलरच्या आसपास पडलं होतं. मी लगेच मनात रुपये केले आणि गप्प बसले. सव्वा लाख! आई म्हणाली एवढे चांगले कपडे बोहारणीला द्यायचे का, हिला दे, ही नाहीतरी दर रविवारी रानात जाते. असा तो सेट माझ्याकडे आला. मी ट्रेक करते, पक्षी बघते, फोटो काढते, आणि दोन वर्षं हे कपडे सह्याद्रीत, भिगवणला, सासवड-सुप्याकडच्या माळावर अक्षरशः रगडलेत. ग्रुपवर सारखं कोणीतरी विचारतं की बाहेरून असले महागडे हंटिंगचे कपडे मागवावेत का, म्हणून एकदाच लिहून टाकते.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. कपडे वाईट नाहीत, ते ज्या जागेसाठी बनवलेत ती जागा पुणे नाही, एवढंच.

पहिलं कॅमो, म्हणजे झाडीत लपून जावं म्हणून कापडावर छापलेली ती ठिगळाठिगळांची नक्षी. सगळ्यांना तेच आवडतं, मलाही आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. राखाडी, मातकट, मधेच फिकट हिरवं, असे तुकडे तुकडे. पहिल्यांदा घालून घराबाहेर पडले तर वॉचमन काकांनी सॅल्यूट केला. नंतर राजमाचीच्या वाटेवर एका आजींनी विचारलं, "मिलट्रीत हाय का गं तू?" आणि एका अभयारण्याच्या गेटवर तर वनरक्षक दादांनी सरळ बॅग उघडायला लावली, वर विचारलं, "हे असले कपडे घालून कशाला आलाय?" त्यांचं काही चुकलं नाही, त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. आता माळावर जाताना वरचे कॅमो कपडे घालतच नाही. आणि हो, २०२२ मध्ये आपल्या लष्कराचा जो नवा डिजिटल कॅमो आला त्याच्या डिझाईनचे हक्क लष्कराकडे नोंदवलेले आहेत, तो बाहेर विकायला परवानगी नाही, त्यामुळे जुन्या बाजारात वगैरे तसलं काही हाताला लागलं तरी घेऊ नका. पुण्यात तर नकोच, इथे दर दोन किलोमीटरवर एक लष्करी गेट आहे.

बरं, या कॅमोचा उपयोग तरी काय होतो? हरणांच्या जातीला आपल्यासारखे तीन रंग दिसत नाहीत, त्यांच्या डोळ्यात दोनच प्रकारच्या रंगपेशी असतात, त्यामुळे लाल, नारंगी, हिरवं हे त्यांना साधारण एकाच पठडीतलं दिसतं. म्हणून तर भडक नारंगी वाघ चितळापासून लपू शकतो, चितळाच्या लेखी तो गवताच्याच रंगाचा आहे. दादाच्या कोलोरॅडोमध्ये रायफल सीझनला शिकाऱ्यांनी डोक्यावर आणि कमरेच्या वर मिळून निदान ५०० चौरस इंच चमकणारा नारंगी रंग घालायचाच असा नियम आहे, दुसऱ्या शिकाऱ्याने चुकून गोळी घालू नये म्हणून, आणि २०१६ पासून गुलाबी पण चालतो. म्हणजे गंमत बघा, माणूस शेकडो डॉलर देऊन झाडापानांचं जॅकेट घेणार आणि त्याच्यावर रस्त्यावरच्या कामगारासारखा नारंगी बनियन चढवणार! दादाला हे बोलले तर म्हणतो, "अगं धनुष्यबाणाच्या सीझनला नारंगी लागत नाही." बरं बाबा. पण मला जे कळलं ते असं की ही डिझाईन्स बऱ्याच अंशी माणसाच्या डोळ्याला आवडावीत म्हणून असतात, झाडाची साल आणि पानं छापलेले ते प्रसिद्ध अमेरिकन ब्रँड, रियलट्री आणि मॉसी ओक, दोन्ही १९८६ चे, ते बघून गिऱ्हाईक हरखतं, हरणाला त्या पानांचं काही कौतुक नाही. हरणाला निळा मात्र चांगला दिसतो. म्हणजे आपण जंगलात जी जीन्स घालून जातो ना, ती नारंगी टीशर्टपेक्षा जास्त उठून दिसते. त्यात पांढरेपणासाठी कपडे धुवायच्या पावडरीत जे चमक आणणारं केमिकल असतं ते अल्ट्राव्हायोलेट घेऊन निळसर उजेड बाहेर टाकतं, ते पण त्यांना दिसतं. आमच्या कामाच्या ताईंनी हे सव्वा लाखाचे कपडे पहिल्याच आठवड्यात नेहमीच्या पावडरीत भिजवले होते. झालं, गेलं सगळं विज्ञान नळाखाली.

आणि पक्षी? पक्ष्यांना तर आपल्यापेक्षा एक रंग जास्तच दिसतो. भिगवणला मी गेले जानेवारीत, पहाटे, पूर्ण कॅमोमध्ये, तोंडावर सुद्धा जाळी. होडीवाले दादा स्वतः मरून रंगाचा स्वेटर आणि डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळून बसलेले. माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "ताई, कपड्याला कोण भीत न्हाई हितं. तुम्ही उभ्या राहू नका होडीत, एवढं केलं तरी बास." आणि खरंच, उजनीच्या पाण्यात ते रोहित पक्षी होड्यांना इतके सरावलेत की मरून स्वेटरसकट आम्हाला बऱ्यापैकी जवळ येऊ दिलं, आणि माझ्या शेजारच्या काकांनी फोटोसाठी टुणकन उडी मारल्यासारखं उठून दाखवलं तेव्हा पट्टकादंबांचा अख्खा थवा गेला निघून. रंग राहू दे, हालचाल सांभाळा. माळावर लांडगे, चिंकारा बघायचे तर गाडीतच बसायचं, गाडी हाच तुमचा कॅमो, आत पायजमा घालून बसलात तरी चालतंय.

आता फ्लीस हुडी. ही शिकारीच्या कपड्यांची खरी खासियत, आणि इथे मला त्या लोकांचं कौतुक वाटलं. साधा रेनकोट घालून हात हलवला की खसखस आवाज येतो, या कापडावर मुद्दाम खरवडून लव उठवलेली असते, त्यामुळे फांदीला घासलं तरी आवाज नाही. प्राणी आपल्याला बघण्याआधी ऐकतात त्यामुळे ही गोष्ट कॅमोपेक्षा शंभर पट कामाची. मी पाषाण तलावाच्या काठाला झुडपात बसून वापरली, मस्त.

पण मग आला नोव्हेंबर आणि आपलं माळरान. ज्याने कोणी हे कापड डिझाईन केलं त्याने आयुष्यात कुसळ बघितलेलं नाही. सासवडच्या पलीकडे गवतात दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं चालले, आणि कोपरापासून खांद्यापर्यंत हुडीचा साळिंदर झाला. कुसळाचं टोक बाणासारखं असतं, एका दिशेने आत सरकतं, मागे येत नाही, आणि ओल लागली की पीळ खात अजून आत जातं. लव असलेल्या कापडात ते असं घुसतं की आतून टोचायला लागतं. घरी येऊन दोन तास भुवयांच्या चिमट्याने एकेक काढत बसले, पुढच्या धुण्यात ती उरलेली कुसळं नवऱ्याच्या बनियनमध्ये शिरली, त्याचं काय झालं ते विचारू नका. त्याच दिवशी माझी मैत्रीण लक्ष्मी रोडवरून घेतलेला साधा गुळगुळीत फुल शर्ट घालून आली होती, तिने गाडीत बसायच्या आधी दोनदा झटकला, संपलं. माळावर गुळगुळीत कापड घालायचं, विषय बंद.

पावसाची शेल. आता इथे जरा वेळ लावणार आहे कारण सगळ्यात जास्त पैसे लोक इथे घालवतात. शेलचं तत्त्व सगळ्यांना माहितीये, आतमध्ये एक पातळ पडदा असतो, त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटीने लहान पण वाफेच्या कणापेक्षा मोठी, म्हणजे पाऊस आत येत नाही आणि घाम वाफ होऊन बाहेर जातो. १९६९ मध्ये बॉब गोअरने टेफ्लॉन झटक्यात ताणून बघितलं त्यातून हे निघालं, आणि कल्पना खरोखर सुंदर आहे. पण वाफ बाहेर जाते ती काय आपल्यावर उपकार म्हणून नाही, आतल्या आणि बाहेरच्या हवेत वाफेच्या दाबाचा फरक असतो म्हणून जाते. दादाच्या डोंगरात बाहेर पाच डिग्री आणि कोरडी हवा, तिथे आतली वाफ पळत सुटते. आपल्याकडे जुलैत ताम्हिणीला बाहेर चोवीस डिग्री आणि हवेत आर्द्रता शंभराला टेकलेली, बाहेरची हवाच वाफेने भरलेली, म्हणजे तो ढकलणारा जोर निम्म्यावर येतो. त्यात वरच्या कापडावरचं पाणी झटकणारं कोटिंग तासाभरात दम सोडतं, कापड पाण्याने चिंब होतं, आणि त्या पडद्यावर बाहेरून पाण्याची चादर. आता वाफ जाणार कुठे?

टॅगवर लिहिलेलं असतं २०,००० ग्रॅम. म्हणजे एक चौरस मीटर कापडातून २४ तासात २० किलो वाफ. ऐकायला भारी वाटतं, पण तासाला भागा, ८०० ग्रॅमच्या आसपास येतं, ते सुद्धा लॅबमधल्या सोयीच्या हवेत. पावसाळ्यात पाठीवर सॅक घेऊन चढताना माणसाला तासाला लिटरभर घाम सहज येतो, आणि पाठ तर सॅकनेच बंद केलेली असते. गणित जमतच नाही.

मी ताम्हिणीजवळच्या अंधारबनला केली याची परीक्षा, तिथल्या पिंपरी गावातून भिऱ्यापर्यंत पूर्ण. मी शेलमध्ये, माझ्या मैत्रिणीकडे ४९९ चा पोंचो, आणि ग्रुपमधल्या एका काकांकडे काहीच नाही, नुसता पॉलिस्टरचा टीशर्ट आणि सॅकवर बोहरी आळीतून आणलेला प्लास्टिकचा कागद. भिऱ्याला पोचलो तेव्हा तिघेही सारखेच ओले होतो. फरक एवढाच की मी गरम पाण्याने ओली होते. काकांनी टीशर्ट पिळला, पाच मिनिटं वाऱ्यात उभे राहिले आणि चहा पीत बसले, मी शेल काढली तर आतून अशी वाफ निघाली की कोणीतरी म्हणालं, कुकरची शिट्टी झाली वाटतं. त्या दिवसापासून माझं ठाम मत आहे की घाटात चालताना पावसात भिजायचंच, लवकर वाळणारं काहीतरी घालायचं, कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत सॅकच्या तळाशी ठेवायचे, आणि गडाच्या माथ्यावर वारा लागतो तिथे थंडी वाजू नये म्हणून वरून साधी विंडचीटर. आपल्या मावळातले लोक पिढ्यानपिढ्या भात लावताना पाठीवर इरलं घेत आले, खालून सगळं उघडं, हवा खेळती, पाठ कोरडी. पोंचो म्हणजे तेच की. नुसत्या जंगलातून जाणारी वाट असेल तर छत्री सुद्धा उत्तम, हसतील लोक, हसू देत.

शेलची अजून एक कथा. पहिल्या पावसाळ्यानंतर धुतली, वाळवली (मला वाटलं वाळली), माळ्यावर बॅगेत ठेवली. पुढच्या जूनमध्ये काढली तर आतून चिकट, आणि खांद्याच्या शिवणीवरची टेप पापुद्र्यासारखी सुटलेली. पॉलियुरेथेनचं कोटिंग आणि गोंद दमट हवेत असाच मरतो, पाणी त्याची साखळी तोडत जातं, वापरा किंवा न वापरा. पुण्यात चार महिने आमच्या कपाटात चामड्याच्या चपलेला बुरशी येते तिथे हे काय टिकणार. कंपनीला ईमेल केला, उत्तर आलं की वॉरंटी फक्त मूळ खरेदीदाराला आणि त्यांच्या देशातल्या दुरुस्ती केंद्रात स्वतः पाठवावं लागेल. पार्सलचा खर्च काढला आणि लॅपटॉप बंद केला. दादा म्हणतो, "माझी नवी ठीक आहे अजून." तुझ्याकडे हवेत पाणी आहे कुठे रे!

इन्सुलेटेड जॅकेटवर फार लिहीत नाही. उबदार आहे, प्रश्नच नाही, भिगवणच्या होडीत पहाटे दहा डिग्रीत वारा लागत होता तेव्हा मी एकटी सुखात होते. पण हे जॅकेट झाडावर माचाण बांधून चार चार तास न हलता बसणाऱ्या माणसासाठी आहे, चढायला लागलात की दहा मिनिटात काढावं लागतं आणि मग ते उशीएवढं धूड सॅकमध्ये. पुण्यात वर्षातून सहा-सात पहाटा. पुढच्या खेपेला आईने विणलेला स्वेटर, त्यावर विंडचीटर आणि मफलर घालून गेले, तेवढंच भागलं. हिमालयात जाणार असाल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हाही जॅकेट भाड्याने मिळतात. मेरिनोचे बनियन चांगलेत, तीन दिवस घातले तरी वास येत नाही, दोन दिवसांच्या ट्रेकला मी तेच नेते, फक्त कपाटात कसर लागू देऊ नका, माझ्या एकाला लागली.

आणि आता पॅन्ट. इथे मात्र मी हात जोडते.

दादाची पॅन्ट, पुरुषांची, कंबर मोठी, लांबी तर विचारूच नका. नारायण पेठेतल्या आमच्या अल्टरवाल्या काकांकडे नेली, त्यांच्या मशीनची सुई दोनदा मोडली, तिसऱ्यांदा जाड सुई घातली तेव्हा शिवण बसली. "मॅडम, कापड आहे का पत्रा?" म्हणे. अडीचशे रुपये घेतले, पाचशे मागितले असते तरी दिले असते. दोन्ही बाजूंनी ताणलं जाणारं नायलॉन, बैठकीला आणि गुडघ्याला दुहेरी कापड, मांडीच्या बाहेरून वरपासून गुडघ्यापर्यंत चेन, ती उघडली की चढताना वारं आत येतं, हे ज्याला सुचलं त्याचं भलं होवो. आणि खिसे! खरे, खोल, मोबाईल पूर्ण मावणारे सहा खिसे. बायकांच्या ट्रेकिंग पॅन्टला जे खिसे देतात त्यात माझं बोट जात नाही, हा राग बरीच वर्षं मनात आहे.

या पॅन्टने काय काय सोसलंय. करवंदीच्या जाळीतून तीन वेळा सरपटत गेले, घाणेरीत अडकले, ओल्या कातळावर बसून बसून घसरत उतरले, एकदा बाभळीचा काटा आरपार गेला तर कापडाला फक्त टाचणीएवढं भोक, मांडीला मात्र धनुर्वाताचं इंजेक्शन. पाण्यातून गेलं तरी वाऱ्यात पाऊण तासात वाळते. कॅमो आहे पण धुऊन धुऊन आता मातीच्या रंगाची झालीये, म्हणून खाली तेवढी चालून जाते, कोणी सॅल्यूट करत नाही.

याच्या आधी माझ्या पॅन्टी कशा जायच्या, तर पहिल्यांदा चेन जायची, नाहीतर बैठकीची शिवण, आणि ती नेमकी कड्यावर पाय टाकताना उसवायची. कपड्यातले पैसे जातात कुठे तर चेनमध्ये आणि शिवणीत, हे मला या पॅन्टने शिकवलं. दुकानात गेलात तर कापडाला हात लावून "छान आहे हं" म्हणत बसू नका, आतली बाजू बाहेर काढून बैठकीची शिवण बघा, चेन दहा वेळा वरखाली करा.

पण हिशोब पण सांगते, नाहीतर म्हणाल ही दादाची जाहिरात करतेय. ही पॅन्ट नवी घेतली तर दोनशे डॉलर, म्हणजे सतरा हजारांच्या आसपास, कस्टम्स वगैरे वेगळं. मी साधारण साठ ट्रेक केलेत हिच्यात, म्हणजे ट्रेकला पावणेतीनशे रुपये. बाराशेची लोकल पॅन्ट माझी आठेक ट्रेकमध्ये जाते, म्हणजे ट्रेकला दीडशे. स्वस्तच स्वस्त पडतं! दादाने फुकट दिली नसती तर मी सतरा हजार दिले असते का? नाही. पण चारपाच हजारात ताणणाऱ्या नायलॉनची, दुहेरी गुडघ्याची, बऱ्या चेनची पॅन्ट आता आपल्याकडेही मिळते, तिथपर्यंत मी नक्की जाईन. बाकी सेटला एक रुपया नाही.

शूजबद्दल कोणीतरी विचारणारच म्हणून, दादाचे बूट मला होत नाहीत पण तो स्वतः ते घालून माझ्याबरोबर राजगडला आला होता. चिखलात दणकट, पण ओल्या शेवाळलेल्या कातळावर ते कडक तळवे असे सरकले की दोनदा बसला खाली, आणि वॉटरप्रूफ बुटात वरून पाणी शिरलं ते खाली उतरेपर्यंत आतच, वॉटरप्रूफ ना, बाहेर जाणार कसं. मी माझ्या हजार रुपयांच्या ॲक्शनच्या बुटांत, त्याच्या पुढे. जाताना त्याने ॲक्शनचा एक जोड नेला डेन्व्हरला.

मागच्या आठवड्यात बोहारीण आली होती. शेल काढून दाखवली, तिने आत हात घातला, चिकट लागलं, तोंड वाकडं केलं आणि बाजूला ठेवली. हुडीत अजून दोनतीन कुसळं होती, ती टोचली तिला. मग दोरीवर वाळत घातलेल्या पॅन्टकडे बोट दाखवून म्हणाली, "ती देता का, स्टीलचं मोठं पातेलं देते." म्हटलं, ती नाही मिळायची.